गोल रद्द झाला, कोंबडा सुटला

आमच्या घरी एक कोंबडा आहे, तो देवाचा आहे आणि त्याला कारण फुटबॉल आहे.

त्या संध्याकाळी राजुऱ्याहून माझा साळा रमेश आला होता. कोळसा खाणीत नोकरी करणारा, वर्षातून एकदाच बहिणीकडे जेवायला येणारा. त्याच्यासाठी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तीन महिने कणी चारून एक कोंबडा पोसला होता. (त्या तीन महिन्यांत मला कुणी इतक्या मायेनं काही चारल्याचं आठवत नाही.) कोंबडा अंगणात टोपलीखाली, मसाला पाट्यावर आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. वर्ल्ड कप! ज्या देशांची नावंही आम्हाला धड घेता येत नव्हती, त्यांच्यासाठी आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. माझे निळे, त्याचे पिवळे.

"कोंबडा कापता का जी?" आतून आवाज आला.

"हाफटाइम झाला का कापतो!"

हाफटाइम झाला, पण तोवर पिवळ्यांनी एक गोल ठोकला होता. हरत असताना माणसाचा हात सुरीवर स्थिर राहत नाही.

"मॅच सरली का कापतो!"

"मंग पाव्हणा तवरिक मसाला चाटन का?"

शेवटची पाच मिनिटं उरली. रमेश मिशीला पीळ देत म्हणाला, "भाऊजी, तुमची टीम निंदण करून राह्यली का मैदानात?"

हे काही मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो, गावदेवाच्या दिशेनं हात जोडले आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "देवा, एक गोल होऊ दे! हा कोंबडा तुह्या नावानं सोडतो!"

आमच्या गावात देवाच्या नावानं सोडलेल्या कोंबड्याला कुणी सुरी लावत नाही. तो मरेपर्यंत मोकळा फिरतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त निळा रंग होता!

आणि गोल झाला!

मी धावत अंगणात गेलो, टोपली उचलली, कोंबड्याला हळद लावली (निम्मी माझ्याच शर्टाला लागली) आणि त्याला हवेत सोडलं. तो थेट गोठ्याच्या छपरावर, कवेलूंवर जाऊन बसला. मी नाचत आत आलो, तर पडद्यावर रेफरी कानाला बोट लावून उभा!

"काय झालं बे?"

"तपासून राह्यले," रमेश म्हणाला. तो हसत होता.

रेफरीनं टीव्हीवर तपासल्याची खूण म्हणून हवेत चौकोन काढला. मग पडद्यावर रेषा आली. आमच्या खेळाडूचा गुडघा पुढे. अख्खा माणूस मागे, एकटा गुडघा पुढे! ऑफसाइड म्हणे. गोल रद्द.

सुनंदा मसाल्याच्या हातांनी बाहेर आली. तिनं रिकामी टोपली पाहिली, हळदीनं पिवळा झालेला माझा शर्ट पाहिला आणि तिला सगळं कळलं. माझी ओरड ऐकून गावदेवाची पूजा करणारे खुशालभाऊही येऊन उभे होते.

"खुशालभाऊ, गोल रद्द झाला, म्हंजे नवस बी रद्द न?" मी वकिली सुरू केली.

"गोल झाला तवा तू पाह्यला का नाई?"

"पाह्यला. पण मंग रद्द केला."

"कोनं?"

"एका खोलीत काई मानसं बसली रायतात. ते टीव्ही पाहून सांगतात."

खुशालभाऊंनी आमच्या खोलीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "म्हंजे तेयी टीव्हीच पाहून राह्यले. तू बी टीव्हीच पाहून राह्यला. मंग तेयचंच काऊन आयकाचं?"

खुशालभाऊंनी गोठ्यावरच्या कोंबड्याकडे बोट केलं.

"अन् बाबू, देव रेषा आखत बसत नाई. कोंबडा त्याचा झाला."

माझी टीम हरली. रमेश जिंकला, पण तीन महिन्यांच्या कोंबड्याचा मसाला त्याला बटाट्यासोबत खावा लागला.

कोंबडा आता पहाटे बरोबर माझ्या उशाच्या वर, छपरावर आरवतो. त्याला हाकलायचीही सोय नाही. आणि मी जेवताना रस्सा पुन्हा मागितला की सुनंदा पळी थांबवते, एक बोट कानाला लावते आणि पळीनं हवेत चौकोन काढते.

"थांबा जी. तपासून राह्यली."

आजवर एकही निकाल माझ्या बाजूनं लागलेला नाही!