फुकटचा गॅस

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात ऑर्फा कॉट्रिलइतका तोरा कुणी मिरवला नसेल. तिच्या आजोबांनी जमिनीखालचा गॅस कंपनीला करारानं दिला, तेव्हा अट घातली होती : कंपनी पाडेल ती गॅसची विहीर चालू आहे तोवर घराला गॅस फुकट. त्यामुळे हिच्या ओसरीवरचा दिवा भर दुपारीही जळायचा. आम्ही शेजारी चुलीसाठी लाकडं फोडायचो आणि ही वरून ओरडायची, "फोडा बाबांनो, फोडा!"

ती गॅसची विहीर कितीदा तरी आटत आली. मी चिडून म्हणायचो, "मावशी, मरू दे की आता तिला." पण ही कंपनीच्या उरावर बसून दुरुस्ती करून घ्यायची.

मग नवी कंपनी खोदायला आली. आमच्या जमिनीखालच्या गॅसच्या करारावर सह्यांसाठी आमच्या मिनतवाऱ्या केल्या, घसघशीत पैसे मोजले. ऑर्फा खुर्ची टाकून दारातच बसली. "माझी सही स्वस्तात मिळायची नाही!"

त्यांचा माणूस आला, पण खोदायचा परवाना दाखवायला. "बाई, तुमची सही नकोच. जुनी विहीर चालू राहिली, म्हणून आजोबांचा करार अजून जिवंत आहे. तोच आम्ही विकत घेतलाय."

हलकटांनी तिच्या कुरणात नव्या विहिरी पाडल्या आणि जुनी सिमेंट ओतून बुजवली. फुकट गॅस त्या जुन्या विहिरीपुरताच होता.

काल ऑर्फा माझ्या दारात आली. मान खाली घालून म्हणाली, "तुझ्याकडे जास्तीची कुऱ्हाड आहे का रे?"