थैलीतली तिसरी चावी

अश्वजित मेश्राम चावीवाला चोर आहे, हे मी तो आमच्या दारात यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आता लोक म्हणतात, ताराचंद, तू त्या पोराले उगाच बदनाम केलं. केलं बाप्पा, कबूल! पण माझ्या जागी तुम्ही असते तं काय केलं असतं, ते आधी ऐका.

माझं आंधळगावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. या धंद्यात माणूस संशयी नसला तं उंदरं अन् गिऱ्हाईकं मिळून आठ दिवसांत दुकान खाऊन टाकतात. दारात माझी पांढरी गाडी उभी असते. सेकंडहँड आहे, पण अंगावर एक डाग नाही. तिच्या चाव्या दोन. एक माझ्या करगोट्याले, दुसरी कपाटात, अन् कपाटाची चावी पुन्हा माझ्याच करगोट्याले. तरीही गाडी चालून राहिली होती. दर मंगळवारी मी माल आणाले ट्रकमध्ये बसून भंडाऱ्याले जातो. सोमवारी गाडीच्या मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचो, बुधवारी पाहायचो तं ऐंशी-नव्वद किलोमीटर जास्त. गाडी धुतलेली, पण चाकाच्या आतल्या बाजूले ओला चिखल.

बायकोले विचारलं. ललिता तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजी, तुमचाच आकडा चुकला असन."

माझा आकडा! मी शेजारच्या गोलूवर नजर ठेवली, तो गाडीकडे लय पाहायचा. मोनू मेकॅनिकले मीटर दाखवलं. तो म्हणाला, "मीटर चांगलं आहे काकाजी," अन् खाली मान घालून पाना पुसत बसला. खाली काहून पाहून राहिला, हे मले तेव्हा समजलं नाही.

मग रोवणीच्या दिवसांत एक दिवस गमबूट घालून धानाच्या बांधीत पाणी पाहाले उतरलो अन् करगोटा तुटला. कपाटाची चावी बांधीच्या काठाले, धुऱ्यावर सापडली. गाडीची नाही. लोक म्हणाले चिखलात गेली असन. मी म्हणलं, गेली कशावरून? कोणी उचलली असन तं? उद्या आरामात येईन अन् गाडी घेऊन जाईन!

पेट्रोल पंपावर भिंतीले एक कागद चिकटवलेला होता. गाडीची चावी हरवली, तुटली, झिजली, जागेवर येऊन करून देतो. खाली नंबर. मी फोन लावला.

"हरवलेली चावी मारून टाकता येते का बे?"

"येते काकाजी. गाडीच्या डोक्यातून तिचं नाव पुसून टाकतो. मग ती कोणाले सापडली तरी गाडी चालू नाही होत."

"अन् एखादी तू आपल्यापाशी ठेवून घेतली तं?"

त्यानं ते कानाआड केलं. मग म्हणाला, "उद्या दहाले येतो, आंधळगावाले." अन् फोन ठेवला. घर कुठं, हे विचारलंच नाही! झाला ना संशय पक्का?

संध्याकाळी मी चहा टपरीवाल्या भैय्यालालकडे चौकशी केली. त्याचं सासर आंबागडचं, अन् अश्वजितही आंबागडचाच. याचा बाप चिंधू बाजारोबाजार पोतं अंथरून बसायचा. छत्र्या दुरुस्त करायचा, कुलपं उघडायचा, पेट्यांच्या चाव्या घासून द्यायचा. पोरानं आयटीआय केलं, नागपूरले एका चावीच्या दुकानात आठ वर्षं काढली. बापाचे डोळे गेले तसा परत आला. आता जुन्या व्हॅनमध्ये चावी कापायचं मशीन, बॅटरी अन् लॅपटॉप घेऊन फिरते. मोहाडीपासून थेट मध्य प्रदेशच्या सीमेपर्यंत कोणाची चावी मोडली की लोक यालेच बोलावतात.

"माणूस सोन्यासारखा आहे," भैय्यालाल म्हणाला.

"सोनंही घासून पाहा लागते," मी म्हणलं.

अन् खोटं काहून बोलू, तो बौद्ध आहे हे ऐकून माझं डोकं आणखी तापलं. दोन वर्षांपूर्वी माझी एकुलती एक पोरगी गुड्डी बपेऱ्याच्या मास्तराशी लग्न करून गेली. सुगत त्याचं नाव. तोही बौद्ध. त्या दिवशी मी सांगून टाकलं होतं, या घरात तिचं नाव निघणार नाही, अन् इथून कोणी तिकडे जाणार नाही. गाडीची दुसरी चावीही तेव्हाच कपाटात गेली. कारण गुड्डीनं आपल्या मायले उन्हाळ्यात रिकाम्या खळ्यावर गाडी शिकवली होती. मी हसायचो, पण चावी कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दहाले व्हॅन आली. आमच्याकडे नवा माणूस पिठाच्या गिरणीपाशी चुकतेच, सरळ निघून जाते. हा बरोबर डावीकडे वळला अन् थेट फाटकापाशी थांबला. तिशी-पस्तिशीचा, बारीक, नखात लोखंडाची पूड. मी खुर्ची टाकून त्याच्या हातासमोरच बसलो. डोळ्याची पापणी हलवली तं शप्पथ!

"गाडी कोणाच्या नावावर आहे काकाजी?"

"माझ्या. आणखी कोणाच्या?"

"आरसी दाखवा."

आरसी दिली. त्यानं वाचली. एजंटाच्या सांगण्यावरून गाडी मी ललिताच्या नावानं घेतली होती, अन् नंतर ते विसरूनही गेलो होतो.

"काकूंना बोलवा. मालकानं सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही."

"मी नवरा आहे बे तिचा!"

"हो काकाजी. तिचे आहात. गाडीचे नाही."

असा राग आला की विचारू नका. पण ललिता दाराआड उभीच होती. बाहेर आली, हळूच "करा" म्हणाली, अन् पदराचं टोक बोटाले गुंडाळत राहिली. मग त्यानं स्टेअरिंगच्या खाली वायर लावली. मी मान लांब करून मशीनमध्ये पाहिलं. त्यानं ते थोडं वळवलं, पण मले दिसलं ते दिसलं. चाव्या, तीन.

"तीन? माझ्या दोन आहेत! एक हरवली, एक ही हातात. तिसरी कोणाची?" मी खुर्चीवरून उठलोच. "तुझीच ना? म्हणून घर विचारलं नाही काल! आधी येऊन गेला तू इथं!"

तो चिडला नाही. व्हॅनमधून एक मळकी कापडी थैली आणली अन् बोनेटवर ठेवली. "काकाजी, हरवलेली मारायची तं आधी सगळ्याच चाव्या पुसा लागतात, मग नव्या नोंदीत जी माझ्या हातात असन तीच जगते. बाकीच्या मरतात. म्हणून माझी एक रीत आहे. घरात ज्याच्यापाशी चावी असन त्यानं या थैलीत टाकावी. तोवर सगळ्यांनी पाठ फिरवायची, मीही फिरवतो. मग मी काच लावून गाडीत बसतो, काम करतो, थैली परत इथं ठेवतो. पुन्हा पाठ. ज्याची त्यानं काढून घ्यावी."

"हे कोणतं नाटक?"

"बापाचं आहे. बाजारात कोणा बाईची पेटी उघडून दिली, की झाकण उचलायच्या आधी तो तोंड फिरवायचा. म्हणायचा, कुलूप आपलं, आतलं त्यांचं."

मी माझी चावी टाकली. तिघांनीही तोंडं फिरवली. पण मी ताराचंद! मी असा उभा राहिलो की व्हॅनच्या काचेत मले मागचं सगळं दिसावं. त्या पोरानं फिरवली तशी पाठ मीही फिरवली असती तं आजपर्यंत मले काही कळलं नसतं.

काचेत ललिता दिसली. ती जागची हलेना. हात कमरेच्या बटव्यापाशी गेला, परत आला. पुन्हा गेला. मग तिनं लाल दोरा बांधलेली चावी काढली, अन् आवाज होऊ नये म्हणून थैलीत अलगद सोडली.

मी गर्रकन फिरलो. "तू? तू वो?"

"म्याच करून घेतली," ती म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज नाही हलला. "फागुनात. यांनी आरसी पाहून दिली, आधार पाहून दिली. चोरी नाही केली त्यांनी."

"अन् जाते कुठं तू दर मंगळवारी?"

"बपेऱ्याले. गुड्डीले पोरगी झाली. चार महिन्यांची झाली आता."

नात. मले नात झाली होती, अन् गोलूले मालूम, मोनूले मालूम, भैय्यालालले मालूम, या चावीवाल्याले मालूम. म्हणूनच तो मेकॅनिक खाली पाहत होता! अख्खं गाव माझ्यासमोर चार महिने तोंड दाबून होतं. लाज वाटली की राग आला, आजही सांगता येत नाही. तोंडातून निघाला तो राग.

"मार ती चावी!" मी अश्वजितवर ओरडलो. "लाल दोऱ्याची! मारून टाक आत्ताच्या आत्ता!"

त्यानं ललिताकडे पाहिलं. ती चावी मेली तं ललिताचं बपेरा मेलं, हे त्या अंगणात आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

"काकू?"

"दोन्ही ठेवा," ललिता म्हणाली.

"तं घे दोन्ही! तुझी गाडी, तुझ्या चाव्या! मले नवी नको!" मी घरात गेलो अन् दार आपटलं. काच लावल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं व्हॅन गेल्याचा.

त्यानंतर पंधरा दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही, पण दुकानात भरपूर बोललो. येईन त्याले सांगितलं, तो चावीवाला लोकांच्या घरात चाव्या पेरते, संसार मोडते. दोघा-तिघांनी त्याले बोलावलेलं रद्दही केलं. तो भांडाले आला नाही. आला असता तं मले बरं वाटलं असतं.

मग एक मंगळवार आला. त्या दिवशी मी भंडाऱ्याले गेलो नाही. बांधीत जावं म्हणून भिंतीवर टांगलेले गमबूट काढले, पाय घातला, अन् अंगठ्याले काहीतरी टोचलं. माझी चावी. करगोट्यातून निसटून थेट बुटात! काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात, तो मीच.

तशीच नेऊन गाडीले लावली. दार उघडलं. बसलो, चावी फिरवली. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकत राहिला, इंजिन काही बोललं नाही. पुन्हा फिरवली. माझ्याच गाडीत मी परक्यासारखा बसून राहिलो.

ललिता पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत वर एक पिवळं झबलं दिसत होतं. मले पाहून थबकली. मी उठलो अन् बाजूच्या सीटवर जाऊन बसलो. तिनं पिशवी मागच्या सीटवर ठेवली. लाल दोऱ्याची चावी लावली, अन् गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

तुमसरपाशी रस्त्याच्या कडेले अश्वजितची व्हॅन दिसली. "थांबव," मी म्हणलं. उतरलो, हरवलेली चावी त्याच्या हातावर ठेवली. माफी बिफी मले मागता येत नाही. म्हणलं, "हिच्यात पुन्हा जीव घाल पोरा. लोकांले मी खोटं सांगितलं, तेही जाऊन निस्तरतो."

त्यानं ललिताकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिच्या दोन अन् माझी एक, तिन्ही चाव्या थैलीत गेल्या, अन् दहा मिनिटांत तिन्ही परत आल्या.

"घ्या काकाजी," तो म्हणाला. "चालते आता. इथून तुम्हीच चालवा."

"नाही," मी म्हणलं. "तिलेच चालवू दे. मले माझ्या पोरीचं घर मालूम नाही."

एवढं बोललो अन् बाहीनं डोळे पुसाले लागलो. अश्वजितनं थैलीची घडी केली अन् माझ्याकडे पाठ फिरवली.