लाइन चार्ज झाली

वसुधा सबनीसचा राग मी इकडे उत्तरेत, तेलीबागेत तिच्या शेजारी राहून बरीच वर्षं पाहतेय, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. ती भूगर्भशास्त्रज्ञ, नवरा हृषीकेश रेल्वेत विजेचा इंजिनिअर. सूर्यावरची वादळं, लांब कुठं पडणाऱ्या विजा यांनी जमिनीत अगदी क्षीण प्रवाह उठतात. ते मोजले की कित्येक किलोमीटर खोल पृथ्वीचं कवच कसं आहे ते कळतं, हे तिनं मला मेथी निवडता निवडता समजावलेलं. अट एकच, आसपास वीज नको. आता अशी जागा शोधून दाखवा!

तिनं शोधली. रायबरेलीकडे, डिझेल गाड्यांच्या लाइनीलगतचं शेत. दोन्ही बाजूंना तिनं आधी मोजलेल्या जागांखाली खोल काहीतरी वीज सहज वाहून नेणारं दिसत होतं. ते सलग आहे की तुटक, हे ही मधली जागाच सांगणार होती. लाइनीवर विजेच्या तारा ओढून झाल्यात, पण त्यांत वीज सोडायला महिना आहे, असं हृषीकेशनंच सांगितलेलं. म्हणून तिनं सावकाश, गुरुवारी यंत्रं पुरली. "मैडम, खजाना ढूँढ रही हैं?" म्हणणाऱ्यांना वर चहाही पाजला.

आणि शुक्रवारी हा बाबा पेढे घेऊन घरी! मी तिथंच बसले होते.

"लाइन चार्ज झाली! आज दुपारी तारांत वीज सोडली. मोठे साहेब आले, म्हणून तारीख अलीकडे घेतली."

"कधी ठरलं?" वसुधानं विचारलं.

"सोमवारी. ऑफिसच्या गोष्टी घरात कशाला?"

"पापा, आपको पता था मम्मी की मशीन वहीं लगनी है!" त्यांची मैत्रेयी ओरडली.

"तारेत पतंगाचा मांजा अडकला तर लाइन बंद करता ना?" वसुधा म्हणाली. "मला तीन दिवस बंद करून दे."

"वेडी आहेस का? फार तर दोन तास."

दोन तासांत वरचा गाळ दिसेल. खोलवरचं कळायला दिवस लागतात, आणि वीज तर आता कायमची आली. माणसानं सोमवारी तोंड उघडलं असतं तर! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पेढ्यांचा खोका तसाच राहिला. रविवारी मी वाटी परत द्यायला गेले, तेव्हा वसुधा यंत्रं उचलून नुकती परतली होती. हृषीकेशनं रोजच्या सवयीनं, हसत विचारलं, "काय म्हणते तुझी जमीन?"

तिनं लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. आधी बारीक थरथरत्या रेघा, पुढे शेवटपर्यंत एकच जाड पट्टी.

"शुक्रवार दुपारपर्यंत ती बोलत होती," वसुधा म्हणाली. "त्यानंतर फक्त तू."