दाराजवळचा तेलकट डाग

राग ताईच्या नाकावर असतो, असं बाजारात सगळे म्हणतात. साफ चूक. नाकावरचा राग असा येतो नि असा जातो. ताईचा राग तळपायात कायमचा मुक्कामाला आहे आणि मस्तकात चढायला त्याला जिना लागत नाही.

तिचं दुकान कुशनचं. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, ज्याच्यावर म्हणून माणूस बूड टेकतो ते सगळं उसवून, नवा फोम भरून, नवं कापड ताणून ती बसण्याजोगं करून देते. शाळा संपली तशी ती सीटा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मशिनवर बसली आणि पुढे त्याचंच दुकान तिने चालवायला घेतलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. हलका फोम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगते, "त्यावर बसण्यापेक्षा उभेच राहा की, पाठ तरी शाबूत राहील." गिऱ्हाईक चरफडत जातं आणि काही दिवसांनी मुकाट्याने परत येतं, कारण तिच्या कामाला नावं ठेवायला जागा नसते.

कारागिरांशीही ती फार बोलत नाही. काही चुकलं की कापडं कापायच्या टेबलावर हातातली कात्री आपटते. टक्. काय चुकलं ते सांगत नाही, ज्याचं त्याने शोधायचं. शिवण वाकडी गेली का, कापड उलटं लागलं का, बटण खोल ओढलं का? कारागीर बिचारे माना खाली घालून धावाधाव करतात. ताईच्या मते ही कामाची शिस्त आहे. याहून जास्त विचार तिने त्यावर कधी केला नव्हता.

घरी ती आणि आई, दोघीच. घर जुनं, उंच छताचं, जाड भिंतींचं. त्यात जेवणाची एक वेगळी खोली. तिच्या एका अंगाला स्वयंपाकघराचं दार, मधोमध काळपट लाकडाचं टेबल आणि टेबलाच्या टोकाला बाबांची खुर्ची. बाकीच्या खुर्च्या साध्या, हिला मात्र हात. बाबा वजनकाटे तपासणारे अधिकारी होते. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला तोलायचे.

त्यांच्या जेवणाची एक रीत होती. ते खुर्चीत बसायचे, दोन्ही मुलं बाजूला, आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी. ताटात काही कमी पडलं की बाबा चमचा टेबलावर आपटायचे. टक्. बोलायचे नाहीत. आईने ओळखायचं. मीठ? पाणी? रस्सा निवला? भात मोकळा झाला नाही? ओळखलं तर जेवण पुढे चालू. नाही ओळखलं तर ताट भिंतीवर जायचं, आणि त्या दिवशी कोणीच जेवायचं नाही. मग सगळं आवरल्यावर आई आत बुटक्या स्टुलावर बसून उरलंसुरलं पोटात ढकलायची.

ताईने हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्या माणसाचं नाव काढलं तरी तिच्या दातांत कळ यायची. शेवटच्या आजारपणात तिने त्यांचं सगळं केलं. औषधं दिली, कुशी बदलल्या, चादरी धुतल्या. पण एक गोड शब्द दिला नाही. तो तिच्याकडे त्यांच्यासाठी शिल्लकच नव्हता.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. आता तरी आई टेबलाशी बसून जेवेल, असं ताईला वाटलं होतं. कसलं काय! आई टेबलावर ताट मांडायची एकच, ताईचं. आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहायची.

"आई, बस ना."

"बसते गं. तू घे जेवून."

"आता कोणासाठी उभी राहतेस तू?"

"सवय झालीय पायांना," आई म्हणायची आणि हसायची. त्या हसण्याने ताईचं डोकंच फिरायचं. रडली असती तर परवडलं असतं.

शेवटी ताईने ठरवलं, दोष खोलीचा आहे. या खोलीच्या भिंती, तो काळपट रंग, टेबलावरची ती दवाखान्यातल्यासारखी ट्यूबलाइट, सगळ्यात तो माणूस भरून राहिलाय. त्याला इथून खरवडून काढायचा. एकदा, फक्त एकदा तरी आई या खोलीत बसून पोटभर जेवली पाहिजे. बाकी जग गेलं खड्ड्यात.

"कुठला रंग लावू या?" तिने आईला विचारलं.

"तुला आवडेल तो."

"तुला कुठला आवडतो?"

"मला काय, सगळेच छान असतात."

ताईने चडफडत पिवळा ठरवला. पडदे हिरवे ठरवले. भिंतीलगतचं अवजड कपाट भंगारात देऊन टाकलं. प्रत्येक गोष्टीला आईचं एकच उत्तर, छान. ताईला वाटलं, मी घराला आग लावली असती तरी ही बाई छानच म्हणाली असती.

रंगारी आला. जाडजूड, गप्पिष्ट, बिडीचा वास मारणारा. त्याने भिंती घासल्या, भेगांत लांबी भरली, पिवळ्याचा पहिला हात मारला. दुसऱ्या दिवशी ताई बघते तर सगळी भिंत पिवळीधमक आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक तपकिरी गोल डाग वर आलेला.

"हे काय आहे?"

"तेल आहे, ताई. भिंतीत मुरलंय."

"मग परत रंग मारा."

त्याने परत मारला. डाग परत आला. रंगारी म्हणाला, "इथं कोणीतरी रोज डोकं टेकून उभं राहत असणार. केसांचं तेल असं सहजी नाही जायचं. पण काय हरकत आहे, एखादं चित्र लावून टाका की त्यावर. कोणाला दिसतंय!"

झालं. ताईचा भडका उडाला. "चित्र लावा? चित्र? या घरात आजवर सगळ्यांनी यावर चित्रंच लावलीत! द्या इकडे ती पट्टी!" आणि त्याच्या हातातली खरवडायची पट्टी हिसकावून ती स्वतः भिंतीला भिडली. रंग गेला, लांबी गेली, आतला गिलावा ढेपळा ढेपळांनी खाली पडायला लागला. केसांत चुना, डोळ्यांत चुना. आत्ता कुठे तिला कळलं होतं की माणूस भिंतीत उतरेपर्यंत उभा राहू शकतो. आपण त्या वेळी तिथेच बसून जेवत होतो, गरम गरम जेवत होतो, हेही कळलं आणि तिने आणखी जोरात खरवडलं. खाली वीट दिसली तेव्हा ती थांबली. आई दारात आली, ढिगाऱ्याकडे पाहून म्हणाली, "अगंबाई! किती कचरा केलास. थांब, झाडू आणते."

नवा गिलावा झाला, भिंत वाळली, पिवळा रंग चढला. डाग गेला. ट्यूबलाइटच्या जागी टेबलावर खाली सोडलेला एक दिवा आला, मऊ उजेडाचा. मग राहिली ती खुर्ची.

तिच्याबद्दल धाकट्याचा फोन आधीच येऊन गेला होता. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. लांब राहतो, सणावाराला फोन करतो आणि लांबून सगळ्यांवर माया करतो.

"ताई, बाकी काय करायचं ते कर, पण बाबांची खुर्ची टोकाला तशीच राहू दे हं. त्यांची आठवण आहे ती."

"कसली आठवण?"

"असं काय करतेस! कडक होते, पण घराला शिस्त होती."

"तुला कधी ताट फेकून मारलं का रे त्यांनी?"

"तू ना, उगाच जुनं उकरून काढतेस."

ताईने फोन ठेवला आणि खुर्ची उचलून दुकानात नेली. जुनं कापड फाडलं, फोम उपसला आणि करवत घेऊन खुर्चीचे दोन्ही हात मुळापासून कापून टाकले. कापलेल्या जागा घासल्या, पॉलिश केलं. मग सगळ्याच खुर्च्यांना एकाच ताग्यातलं एकच निळं कापड चढवलं. आयुष्यात इतकं निगुतीने काम तिने कोणाच्या दिवाणखान्यासाठी केलं नव्हतं. घरी आणून सगळ्या टेबलाभोवती लावल्या. आता कुठली कुठली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली.

खोली तयार झाली म्हणून धाकटा रविवारी जेवायला आला. आत पाऊल टाकताच म्हणाला, "वा! ओळखूच येत नाही." आई म्हणाली, "छान केलंय ना हिने?" ताईने स्वतः स्वयंपाक केला होता, स्वतः ताटं मांडली होती. तीन. आईला खांद्याला धरून तिने खुर्चीवर बसवलं, दिव्याच्या अगदी खाली. आई टेकली. परक्याच्या घरी आल्यासारखी, खुर्चीच्या कडेला. पण बसली. तिने पहिला घास उचलला. ताई श्वास रोखून बघत होती. याच्यासाठीच तर सगळा आटापिटा.

आणि तेवढ्यात धाकट्याला कंठ फुटला.

"बाबांची खुर्ची कुठेय?"

"यातलीच एक आहे. ओळख."

"म्हणजे?" तो उठला. एकेका खुर्चीची पाठ चाचपू लागला, वाकून पाय बघू लागला. मग एका खुर्चीच्या कडेला त्याला घासल्याची खूण सापडली. "तू हात कापलेस? ताई, तू बाबांच्या खुर्चीचे हात कापलेस?"

"हो, कापले."

"वेड लागलंय तुला! एक वस्तू होती त्यांची या घरात, ती पण तुझ्या डोळ्यांत खुपली? आई, तू काही बोलली नाहीस हिला?"

आईचा घास हातातच राहिला. ती एकदा याच्याकडे बघत होती, एकदा ताईकडे. धाकटा बोलतच होता. संस्कार, आठवणी, आदर, कसकसले शब्द. ताईच्या तळपायातून उठलेली आग कानशिलांपर्यंत आली. एवढी मेहनत, एवढी खरवड, आणि हा शहाणा आईचं जेवण नासवतोय! गप्प बस, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण रागाने शब्द फुटेना, आणि तिने हातातला चमचा टेबलावर आपटला.

टक्.

आई ताडकन उठली.

"काय राहिलं? मीठ? मीठ आणते." ती मिठाचं भांडं घेऊन आली. ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही? पाणी हवंय? रस्सा गार झाला का गं? थांब, गरम करते." पाण्याचा तांब्या आला, रश्श्याचं भांडं आलं. आणि तरीही ताई काही बोलत नाही, हे पाहून आई दाराशी गेली, हात पदराला पुसले आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. ताईने विटेपर्यंत खरवडून नव्याने बांधून घेतलेल्या, पिवळ्याधमक भिंतीला.

धाकटा खुर्ची सोडून मागे सरकला. त्याला तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी त्यालाही त्याने धडकी भरायची, हे तो सोयीने विसरला होता, एवढंच.

ताई हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. तिला कात्री आठवली. माना खाली घालून शिवण शोधणारे कारागीर आठवले. आयुष्यभर त्या माणसाचा तिरस्कार केला, त्याची खुर्ची कापली, त्याचा रंग खरवडला, आणि तो कुठे बसला होता? तिच्याच मनगटात. तिला स्वतःची इतकी चीड आली की तो चमचा भिंतीवर फेकून मारावासा वाटला. हात उचललाही. आणि मग तो तसाच खाली घेतला, कारण त्या भिंतीशी आई उभी होती.

"बस खाली!" हा शब्द दातांपर्यंत आला होता. तोही तिने गिळला. सवय नव्हती, तरी गिळला.

ती उठून आईजवळ गेली. "आई, काही नाही राहिलेलं. मला काही नको होतं."

"मग चमचा का वाजवलास?"

"चुकले. पुन्हा नाही वाजवणार." मग हळू आवाजात, "तुला काय हवंय?"

"मला? मला काय, सगळंच..."

"छान नको म्हणूस. मी खरंच विचारतेय. उभंच राहायचं असेल तर उभी राहा. पण तुला हवंय काय?"

आईने विचार केला. बराच वेळ केला. हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नव्हता, त्यामुळे उत्तर शोधायला तिला फार लांब जावं लागत होतं. ताई थांबली. तिला थांबता येत नाही, पण थांबली.

"मला ना," आई शेवटी म्हणाली, जरा लाजून, "गरम जेवायचंय."

ताईने आईचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. भात गरम केला, भाजी गरम केली, रस्सा वाफ येईपर्यंत उकळला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाफेमुळे, असं कोणी विचारलं तर ती सांगणार होती. कोणी विचारलं नाही.

ती ताट घेऊन बाहेर आली तेव्हा आई बसली होती. ताईने निवडलेल्या दिव्याखालच्या खुर्चीवर नाही, तर दाराजवळच्या, स्वतः ओढून घेतलेल्या खुर्चीवर. पाठ टेकून बसली होती. मागच्या पिवळ्या भिंतीवर तेलाचा पुसटसा नवा ठिपका उमटला होता. ताईने तो पाहिला आणि पुसला नाही. तिने ताट आईसमोर ठेवलं. चमचा मात्र टेबलावर ठेवला नाही. तो आईच्या हातात दिला.