मुका एकटा जखऱ्या झाला

३ नोव्हेंबर. रुग्णालयाच्या लॉन्ड्रीतल्या वार्षिक मोजणीत बासष्ट चादरी कमी भरल्या. किंमत रुपये ११,४७०. आकडा मीच काढला. रुग्णालयाचे हिशेब माझ्याकडे होते.

मोजणी घडीमावशींच्या टेबलावर झाली. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालण्याचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या, म्हणून हे नाव. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. वर्षावर्षाच्या करारावर होत्या, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. चादर आली की आधी उजेडात धरायच्या, विरलेली जागा बोटांनी चाचपायच्या, मगच घडी. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर पुन्हा उलगडायच्या. मोजताना कोणी तोंड उघडलं की म्हणायच्या, "गप रे, माझा आकडा सांडेल."

आमची संस्था मिशनची. अधीक्षक रविवारी उपदेशही करत. त्यांनी नुकसान लॉन्ड्रीच्या दहा जणांत सारखं वाटलं आणि विश्वस्तांसाठी एक कागद तयार केला: 'आम्हा सर्वांकडून अपराध झाला आहे.' खाली दहा नावं. नऊ जणांनी सह्या केल्या. मावशींनी पेन परत दिलं.

अधीक्षक साहेब स्वतः खाली लॉन्ड्रीत आले.

"मावशी, बायबलात पौलानं काय लिहिलंय? पाप सगळ्यांनीच केलंय. तुम्ही, मी, कोणी सुटलेलं नाही."

"तुम्हीपण? मग वाटे अकरा करा की!"

इस्त्रीवाल्याने तोंड फिरवून हसू दाबलं.

"मी शास्त्राचं बोलतोय."

"मीपण तेच बोलतेय. ईयोब निर्दोष होता, हे काही त्याच्या सासूनं नाही म्हटलं, देवानं म्हटलं. जखऱ्या आणि अलीशिबा, नवरा-बायको, तीही निर्दोष. त्याच शास्त्रात. मग तुमच्या 'सगळ्यांत' ही तिघं धरायची की सोडायची?"

"ती विसंगती वरवरची आहे. जखऱ्याही चुकलाच की. देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, म्हणून मुका झाला."

"तोच झाला ना? चूक त्याची, मुका तो. देवळाबाहेर जमलेल्या लोकांची वाचा नाही बंद केली देवानं."

यंत्रं फिरत होती. साहेबांचे कान लाल झाले.

"एवढ्या पवित्र आहात तुम्ही?"

"छे हो! मी जिभेनं फटकळ. सख्ख्या जावेशी नऊ वर्षं बोलले नाही. रोज गुडघे टेकून कबूल करते. पण चादर घेतली नाही. देवापुढे मी पापी, या टेबलावर नाही. दोन्ही खरं. शास्त्रातही दोन्ही खरं, म्हणून तर दोन्ही लिहून ठेवलंय."

"सही नसेल, तर महिनाअखेरीला करार संपला समजा."

मावशींनी कागद ओढला. आपल्या नावापुढे लिहिलं, 'मी घेतली नाही', आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

"घ्या. सही पाहिजे होती ना?"

साहेब काही बोलायच्या आत इस्त्रीवाला हात पुसत पुढे आला. "मावशी, जरा सरका." आपल्या जुन्या सहीखाली त्याने लिहिलं, 'मीही नाही.' दुपारपर्यंत दहापैकी आठ नावांपुढे तेच होतं. दोघं घाबरले; मावशी त्यांना काही बोलल्या नाहीत.

असला कागद विश्वस्तांपुढे ठेवण्याची सोय राहिली नाही. पगारातली कपात रद्द झाली, नुकसान संस्थेने सोसलं. चादरी सापडल्या नाहीत. मावशींचा करार मात्र साहेबांनी वाढवला नाही. ३० नोव्हेंबरला शेवटचा ढीग मोजून त्या थेट त्यांच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एकशे अठरा! आत्ताच मोजून घ्या. उद्या कमी भरल्या तर मी नसेन, मग कुणाकुणाला पापी ठरवाल?"

साहेबांनी मोजल्या नाहीत.

दीड दिवसाच्या शिल्लक रजेचे मावशींचे ६१५ रुपये संस्थेकडून येणे आहेत. अजून दिलेले नाहीत.