तात्यांच्या रेडिओग्रॅमची घरघर

"माझो जर्मन स्पीकर काढून घेतलंस आणि भंगार घातलंस!"

मालवणच्या बाजारात, माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या हॉटेलात तात्या ओरडत होते. हॉटेल भरलेलं. तात्या म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेले सारंग, खलाशांचे मुकादम. त्यांनी परदेशातून रेडिओग्रॅम आणला होता. एकाच कपाटात रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. आठ दिवसांपूर्वी ओल लागून त्यातला, विजेची गुणगुण गाळणारा कंडेन्सर गेला, तो मी बदलून दिला. स्पीकरला हातही लावला नव्हता. आता गाणं लागलं की स्पीकर घरघरतो, म्हणजे मी चोर!

"देवळात चल. कौल लावया."

आमच्याकडे असला निवाडा देवाला विचारतात. मूर्तीला लावलेली पाकळी कुठल्या बाजूने पडते त्यावर ठरतं. मुंबईच्या वर्कशॉपात झाडू मारण्यापासून सुरुवात करून मी हे दुकान उभं केलं होतं. ते एका पाकळीवर टांगू? माझं डोकं फिरलं.

"देवाक कित्याक तरास, तात्यानू? मी सेट उघडतंय. चोरी निघाली तर उद्यापासून माझा दुकान बंद. नाय निघाली तर हयच, ह्या लोकांसमोर सांगूचा, बाबलो चोर नाय म्हणान."

"सांगतंय! पण निघतली तुझीच!"

हॉटेलातले दोघे साक्षीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणला. घरघर थांबली. कंडेन्सरचा दोष असता तर ती थांबली नसती. मग माझा स्पीकर जोडला. आवाज स्वच्छ. म्हणजे दोष त्यांच्या स्पीकरमध्येच.

"बघ! मी काय सांगी होतंय?" तात्या उसळले.

"जरा गप ऱ्हवा."

स्पीकरच्या कागदी पडद्यामागे तारेचं वेटोळं असतं. ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत पुढेमागे हलतं. मी पडदा बोटांनी हलके दाबला. खर्र! फटीत काहीतरी अडकलं होतं. स्पीकर काढायला कपाटात हात घातला, तर मागे खिळ्याला मलमलीची पुरचुंडी.

"ही कोणी बांधली?"

तात्यांची बायको, काकी, आतून म्हणाल्या, "ह्यांनीच! वाळू भाजून भरल्यानी. ओल खाता म्हणे!"

सेट कोरडा ठेवा, असं मीच सांगितलं होतं. कसा, ते सांगितलं नव्हतं. तेवढी चूक माझी.

पुरचुंडीतली चिमूटभर वाळू कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवला. पांढरी वाळू जागच्या जागी राहिली, काळे कण उभे राहून चुंबकामागून पळू लागले. आमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत हे लोखंडी कण असतात. मलमलीतून गळून ते स्पीकरच्या फटीत शिरले होते. चिकटपट्टीच्या कडेने तासभर खपून एकेक कण काढला. तबकडी लावली. घरघर नाही.

"हो माझोच स्पीकर," आवाज ओळखून तात्या पुटपुटले. "आता चाय घे. झाला गेला सोड."

"चाय हॉटेलात घेवया, तात्यानू. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी ते आले, पण दुपारी, हॉटेल रिकामं बघून. मी त्यांना बसवून ठेवलं आणि स्वतः बाजारात फिरून आदल्या दिवशीची माणसं गोळा केली. तात्यांनी खाली बघून सांगितलं, "बाबलो चोर नाय."

"मोठ्यान!" मी म्हणालो.

त्यांनी मोठ्याने सांगितलं. आरोप ऐकायला माणसं आपोआप जमतात. माफी ऐकायला ती हाताला धरून आणावी लागतात.