बिडाच्या मशीनला चाकं

सबंध मराठवाड्यात हातभर जमीनसुद्धा सपाट नाही, असं आमच्या साडभाऊंचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी गावोगाव जाऊन, वाकून तपासलेलं होतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. लातूरला त्यांचा सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबोडकं अंगण, त्यात पत्र्याची शेड आणि शेडच्या मधोमध बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, अवजड चक्री करवत, जिला ते नुसतं 'मशीन' म्हणत. डुगडुगणारी वस्तू त्यांना बघवत नसे. कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर तळवा दाबून पाहायचे, मग खुशाली विचारायचे. सदऱ्याच्या खिशात सागवानी पाचरी कायम असत. हॉटेलात चहा यायच्या आत ते बाकड्याखाली शिरलेले असत. माझ्या पुतणीच्या सोयरिकीची बैठक आमच्याकडे नायगावला बसली होती. बोलणं जवळजवळ जुळत आलं होतं, आणि नेमके तेव्हाच साडभाऊ उठून म्हणाले, "थांबा, मी एक पाचर मारतो." मुलाकडच्यांचे चेहरे पडले. मुलाचे चुलते तर चपला शोधायला लागले. साडभाऊ मात्र त्या चुलत्यांच्याच खुर्चीखाली वाकून तिचा आखूड पाय नीट करत होते. लग्न पार पडलं, पण त्या घरात माझी ओळख अजूनही 'पाचरवाल्यांचे साडू' अशीच करून देतात.

आक्का गेल्या आणि साडभाऊंचं बोलणंच आटलं. मूलबाळ नव्हतं. कुणी भेटायला गेलं तर "बसा" म्हणायचे आणि पुन्हा रंधा हातात घ्यायचे; बसणारा कंटाळून उठला तरी त्यांना पत्ता नसे. त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्या, नवे साहेब आणि प्रत्येक साहेबाला टेबल, त्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत राहिली नाही. त्यातच दुष्काळ पडला. गल्लीत मोठा हौद एकच, तोही साडभाऊंच्या अंगणात, पार मागच्या भिंतीला. टँकर तिथवर न्यायचा तर वाट शेडमधून आणि वाटेत मशीन. टँकरवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, की उद्यापासून वाट मोकळी नसली तर तो थांबणार नाही, पुढच्या गल्लीला जाईल. मग रोज सकाळी आठ माणसं पहारी लावून मशीन बाजूला ओढायची, टँकर गेला की परत आणायची आणि साडभाऊ दुपारपर्यंत त्याची लेव्हल लावत बसायचे. कायमचं बाजूला ठेवावं तर तिथं लांब फळी फिरत नव्हती. हळूहळू आठाची पाच माणसं झाली. एके दिवशी उशीर झाला आणि टँकर खरोखरच निघून गेला. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी आंघोळ झाली नाही.

साडभाऊंनी मशीनला चार चाकं बसवली. पण फळी पुढं ढकलली की फळीबरोबर मशीनही निघायचं. चाकांना विटा लावल्या तर ते थरथरायचं, आणि फिरत्या पात्यापुढं थरथर म्हणजे बोटं गेलीच म्हणून समजा. तीन पायांचं काही डुगडुगत नाही म्हणून तीन चाकं लावून पाहिली, तर वळवताना मशीन कललं आणि सगळी गल्ली त्याला टेकून उभी राहिली. साडभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी पाण्याला आलेल्या एक मावशी, ज्या हातगाड्यावर बांगड्या विकत, घागर खाली ठेवत सहज म्हणाल्या, "चालताना चाक अन् कामाला पाय असावं, दादा. दोन्ही एकदम कशापायी?"

साडभाऊ ताडकन उठले. जाड लोखंडी अँगलची चौकट केली, तिला चार पाय दिले. मागची दोन चाकं जमिनीपासून बोटभर वर ठेवली आणि पुढं एक लांब दांडा, त्याला तिसरं चाक. दांडा दाबला की मशीन उचललं जाऊन चाकांवर यायचं, सोडला की आपल्या पायांवर बसायचं. मग त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवून त्यांनी करवत चालू केली. थेंब सांडला नाही. मावशींनी तेवढं पाणी परत आपल्या घागरीत ओतून घेतलं.

पुढं वर्षभर ते रोज सकाळी एकटेच मशीन सरकवत. टँकरची वाट बघत बायका फळ्यांवर बसायच्या, भांडायच्या, हसायच्या, चुलीसाठी ढलप्या वेचायच्या. "ह्या बायांनी डोकं उठवलंय माझं," अशी तक्रार साडभाऊ माझ्याकडं करत. पण त्या यायच्या आधी अंगण झाडून फळ्या मांडून ठेवायचे तेच.

नंतर पावसानं साथ दिली, नळाला पाणी आलं, टँकर बंद झाला. दिवाळीनंतर मी सहज लातूरला गेलो, तर सकाळीच साडभाऊंनी दांडा दाबून मशीन बाजूला घेतलं आणि मोकळ्या वाटेकडं बघत बसले. मी विचारलं, अजून टँकर येतो की काय.

"न्हाई," ते म्हणाले. मग दांड्यावरचा भुसा पुसत, "पाणी आलं, लई बरं झालं. पर साडभाऊ, आता इकडं कुणी येत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. लातूरला गेलो की मी नेहमी संध्याकाळच्या एसटीनं परतायचो. त्या दिवशी परतलो नाही.